दाय, ऋण आणि घर

(तारिहाळ येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



'वारसा' हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला आणि बोलता बोलता घरचाच होऊन गेला. संस्कृतात त्याच अर्थाचा जुना शब्द आहे 'दाय'. दाय म्हणजे नेमके काय, ह्याचा अत्यंत बारकाईने विचार ज्या ग्रंथात झाला तो 'मिताक्षरा' हा ग्रंथ ह्याच कर्नाटकभूमीत लिहिला गेला, ही आपणां सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. चालुक्यनृपती सहावा विक्रमादित्य ह्याने इ. स. १०७६ ते ११२६ असे सुमारे अर्धशतक राज्य केले. त्याच्या कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका रचली. पुढे बंगाल आणि आसाम हे प्रांत वगळता भारतात बहुतेक सर्वत्र वारसाहक्काचे निवाडे ह्या एका ग्रंथाच्या आधाराने होत आले. धारवाडचा कुलकर्णी असो की साताऱ्याचा देशपांडे, दोघांच्या शेताची वाटणी ज्या शास्त्राने झाली ते शास्त्र एकच होते.

विज्ञानेश्वर सांगतो की, धन्याशी असलेल्या नात्यामुळे, केवळ त्या एका कारणाने, जे धन दुसऱ्याचे होते ते दाय होय. विकत घ्यावे लागत नाही, मागावे लागत नाही, जिंकावे लागत नाही; नाते असले की पुरे. पुत्र जन्मला त्याच क्षणी आजोबांच्या जमिनीत त्याचे स्वत्व उत्पन्न झाले, असा मिताक्षरेचा पक्ष आहे. परंतु त्याच शास्त्रात दुसऱ्याही एका धनाचा विचार आहे आणि त्याचे नाव विद्याधन. वडिलार्जित द्रव्याला धक्का न लावता विद्येच्या बळावर जे मिळविले, ते भावाभावांत वाटले जात नाही. ते ज्याने मिळविले त्याचेच राहते.

आजचा विषय ह्या दोन कल्पनांच्या मध्ये उभा आहे. माणसाला घराकडून जी संस्कृती मिळते, म्हणजे भाषा, देवघर, सणवार, ओव्या, स्वयंपाकाची रीत, थोरामोठ्यांना हाक मारण्याची रीत, ती दाय आहे की विद्याधन? जन्माबरोबर ती आपोआप आपली होते, की कष्ट करून आपलीशी करावी लागते? बहुतेक जण ती जमिनीसारखी आहे असे समजून चालतात. 'आमच्या घरी सात पिढ्यांचे हे आहे' असे म्हटले की आपले काम संपले, असा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुस्थिती निराळी आहे, आणि ती किती निराळी आहे हे हुबळी-धारवाडच्या परिसरातील माणसांना इतरांपेक्षा अधिक चांगले कळावयास हवे.

ह्या भागाचा इतिहासच तसा आहे. १८१८ पर्यंत येथे पेशव्यांचा अंमल होता, आणि त्यानंतर धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात राहिला. कचेरीत, दप्तरात आणि पुष्कळशा शाळांतही मराठीचे प्राबल्य होते. एकोणिसाव्या शतकात डेप्युटी चन्नबसप्पा ह्यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी कन्नड शाळांसाठी जिवाचे रान केले. १८९० साली रा. ह. देशपांडे ह्यांच्या पुढाकाराने धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. टिळकांच्या 'गीतारहस्या'चे कन्नड भाषांतर त्यांनी केले, आणि १९१७ साली 'कर्नाटक गतवैभव' लिहून आपल्या लोकांना त्यांच्या विस्मृत पूर्ववैभवाची आठवणही त्यांनीच दिली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि धारवाड तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. सीमाभागाचा वाद त्यानंतरही मिटला नाही. २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. त्या वादाचा निवाडा न्यायालये आणि विधिमंडळे करतील. घरातल्या मुलाच्या मनात जो वाद चालतो त्याचा निवाडा मात्र घरातच व्हावयास पाहिजे.

तो वाद असा. घरात आजी मराठी बोलते, उंबरठ्याबाहेर सारे जग कन्नड बोलते. मूल शाळेत जाते तेव्हा घरची भाषा त्याला आडवी येते. सोबती हसतात, मग ते आजीशीही मराठीत बोलावयास लाजते. पुढे तेच मूल सुटीत साताऱ्याला किंवा पुण्याला नातेवाइकांकडे जाते, तेव्हा तेथील भावंडे त्याच्या बोलण्यातील कानडी हेल ऐकून हसतात. म्हणजे इकडे मराठी म्हणून संकोच आणि तिकडे कानडी म्हणून संकोच. अशा मुलाला दोन वाटा सोप्या वाटतात. एक, घरचे सारे टाकून द्यावे आणि बाहेरच्यांसारखे व्हावे. दुसरी, घराची दारे लावून घ्यावीत आणि बाहेरचे सारे परके मानावे. तारिहाळसारख्या गावात, जेथे शेताला लागून आता कारखान्यांची वसाहत उभी आहे आणि नाना प्रांतांचे लोक कामाला येतात, तेथे आणखी तिसरी वाट उघडली आहे : कोणतीच भाषा नीट न शिकता सर्वांचे थोडे थोडे घेऊन दिवस काढणे. ह्या तिन्ही वाटांवर माणूस वारशाला मुकतो. पहिला तो फेकून देतो, दुसरा कुलूप लावून ठेवतो, आणि तिसऱ्याला तो आपल्याजवळ होता हेच ठाऊक नसते.

ह्याहून वेगळी वाट ह्याच धारवाडात एका माणसाने चालून दाखविली आहे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे ह्यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाडात झाला. घराणे मराठी, चित्पावन ब्राह्मणांचे. आजोबा दशग्रंथी, वडीलही संस्कृतज्ञ. परंतु हे वेदविद्येचे घर त्यांच्या वाट्याला नांदते आले नाही. वडील बालपणीच गेले. चार भावांत थोरला हा मुलगा आई आणि आजी ह्यांच्या छायेत वाढला. आईचे नाव अंबिका. काकांच्या साहाय्याने शिक्षण झाले. १९१३ साली मॅट्रिक, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, आणि १९१८ साली पदवी घेऊन धारवाडास शिक्षकाची नोकरी. घरची भाषा मराठी, पाठांतर संस्कृताचे, पदवीचे शिक्षण पुण्यात. हे सर्व पाहता ते मराठीचे कवी होणार असे कोणीही म्हटले असते. ते कन्नडचे वरकवी झाले.

येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. त्यांनी घर सोडले म्हणून ते कन्नड कवी झाले काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण त्यांनी कवितेखाली जी सही केली ती ह्या म्हणण्याला आडवी येते. ती सही आहे 'अंबिकातनयदत्त'. अंबिकेचा पुत्र दत्त. कन्नडात लिहिलेल्या प्रत्येक कवितेखाली त्यांनी मराठी बोलणाऱ्या आपल्या आईचे नाव लिहिले. नाव पाहावे तर संस्कृत. कन्नड लिपीत लिहिले काय आणि नागरीत लिहिले काय, अर्थ तोच. आजोबांचे संस्कृत, आईचे नाव आणि गावाची भाषा ही तिन्ही त्या एका सहीत एकत्र आली आहेत.

ज्या कन्नडात त्यांनी लिहिले ते कन्नडही पोथीतले नव्हते. ते धारवाडच्या गल्लीबोळांतले, बाजारातले, जात्यावर दळणाऱ्या बायांचे कन्नड होते. घरात आई-आजीकडून ऐकलेल्या बोलण्यावर ज्याचा कान तयार झाला, त्यालाच दुसऱ्याच्या आई-आजीच्या बोलण्यातील गोडी कळते. आपल्या घरची भाषा तुच्छ मानणारा मनुष्य शेजारच्या घरची भाषा प्रेमाने ऐकू शकत नाही. तो फक्त अधिक प्रतिष्ठित भाषेच्या मागे धावतो. बेंद्रे ह्यांनी तसे केले नाही. आपल्याला पाच माता आहेत अशी त्यांची धारणा होती : विश्वमाता, भूमाता, भारतमाता, कन्नडमाता आणि जन्मदात्री माता. ह्या पाचांत एकीला मान द्यावयाचा म्हणून दुसरीला घराबाहेर काढावे लागत नाही.

आणि मराठी? तीही त्यांनी टाकली नाही. १९४४ ते १९५६ पर्यंत ते सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते, म्हणजे मराठी भाषकांच्या नगरात राहून कन्नड शिकवीत होते. त्यांनी मराठीतही लिहिले, आणि 'संवाद' ह्या त्यांच्या मराठी पुस्तकास १९६५ साली केळकर पारितोषिक मिळाले. कालिदासाच्या मेघदूताला त्यांनी कन्नड रूप दिले, तेव्हा आजोबांच्या घरचे संस्कृतही नव्या अंगणात आले. १९५८ साली 'अरळु मरळु'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि पुढे 'नाकु तंति'साठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार असे मोठे मान त्यांना मिळाले. 'नाकु तंति' म्हणजे चार तारा. २६ ऑक्टोबर १९८१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. कन्नड जनांनी त्यांना आपले मानले ह्यात नवल नाही. मराठी जनांनी मात्र त्यांच्याविषयी 'आपला माणूस तिकडे गेला' असे म्हणण्याचे कारण नाही, कारण तो तिकडे गेला तो आईचे नाव बरोबर घेऊन गेला.

कोणी म्हणेल, हा एका प्रतिभावंताचा अपवाद झाला. तर मग ह्याच्या उलट दिशेचे एक उदाहरण पाहावे. मराठी घरांतून ज्याचे सप्ताह होतात तो 'गुरुचरित्र' ग्रंथ सरस्वती गंगाधर ह्यांनी रचला. मराठी ही आपली भाषा नव्हे, असे ते ग्रंथारंभीच नम्रपणे सांगतात. ते मूळचे कन्नड भाषक होते असे परंपरा मानते. बेंद्रे मराठी घरातून कन्नडात गेले, सरस्वती गंगाधर कन्नड घरातून मराठीत आले. आणि त्यांनीही आपल्या घराची ओळख सांगूनच ग्रंथ आरंभिला. श्रीनृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव हे त्यांचे पूर्वज. त्यांचे पुत्र नागनाथ, त्यांचे देवराव, त्यांचे गंगाधर आणि गंगाधरांचे पुत्र सरस्वती. पित्याच्या वंशाबरोबर आई चंपा हिचे माहेरही ते सांगतात. खापरपणजोबांना जो गुरुप्रसाद मिळाला तो पाचव्या पिढीत ग्रंथरूपाने बाहेर आला. मधल्या पिढ्यांनी काय केले? त्यांनी गुरूची आठवण घरात टिकविली. आठवण टिकली म्हणून ग्रंथ झाला. नृसिंहवाडी महाराष्ट्रात आणि गाणगापूर कर्नाटकात. पण ज्यांच्या घरात ही पोथी वाचली जाते त्यांना ह्या दोन स्थानांच्या मधली सीमा कधी जाणवली नाही.

ह्याच धारवाडात पुढच्या काळात जी. ए. कुलकर्णी ह्यांनी इंग्रजीचे अध्यापन करीत मराठी कथेला नवे शिखर दाखविले, हेही विसरता कामा नये. बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्यास जन्मलेला हा लेखक आयुष्याचा मोठा काळ कन्नड नगरात राहिला आणि मराठीत लिहीत राहिला. घरचा वारसा जपण्यासाठी गाव सोडावे लागत नाही, आणि गावावर प्रेम करण्यासाठी घरची भाषा सोडावी लागत नाही, ह्याचे हे एकाच नगरातील दोन पुरावे.

आता आईच्या नावाकडे पुन्हा वळू. अंबिकातनय हे नाव कवीची लहर म्हणून सोडून देण्यासारखे नाही. त्याच्या मागे फार जुनी परंपरा आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या शेवटी जी आचार्यपरंपरा दिली आहे तीत पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र अशी नावे एकामागून एक येतात. विद्येचा वंश सांगताना ऋषींची ओळख मातेच्या नावाने दिली आहे. छांदोग्यातील सत्यकाम गुरूकडे जातो तेव्हा त्याला गोत्र सांगता येत नाही. आईने जे सांगितले तेच तो गुरूला सांगतो आणि सत्यकाम जाबाल म्हणून ओळखला जातो. व्याकरणकार पाणिनी हा दाक्षीपुत्र. नाशिकच्या लेण्यांत ज्याचा गौरव कोरला आहे तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, आणि तो लेख त्याची आई गौतमी बलश्री हिचा आहे. धर्मशास्त्रातही हा विचार आढळतो. निपुत्रिक पुत्राचे धन 'पितरौ' ह्यांना जावे असे याज्ञवल्क्य म्हणतो. त्यावर विज्ञानेश्वर सांगतो की, 'पितरौ' ह्या एकशेषाचा विग्रह 'माता च पिता च' असा होतो, म्हणून माता आधी आणि पिता नंतर. शिवाय माता पुत्राला अधिक जवळची, असाही त्याचा युक्तिवाद आहे. जमिनीत मुलीला जन्मतः पुत्राइतका हक्क देणारी कायद्याची दुरुस्ती देशभर लागू व्हावयास २००५ साल उजाडावे लागले. संस्कृतीचा दाय मात्र पूर्वीपासून आया-आज्यांच्याच हाती राहिला आहे. पणजीचा अभंग आजीकडे, आजीचा आईकडे, आईचा मुलीकडे, अशीच त्याची फेरफार नोंद होत आली.

ह्या मातृदायाचे अत्यंत हृद्य उदाहरण हुबळीतच घडले. गंगूबाई हनगल ह्यांचा जन्म ५ मार्च १९१३ रोजी धारवाडात झाला. आई अंबाबाई कर्नाटक संगीताच्या उत्तम गायिका. योगायोग असा की ह्या आईच्याही नावात अंबाच आहे. गंगूबाईंनी वडिलांचे नाडगीर हे आडनाव लावले नाही. हनगल ह्या गावाच्या नावानेच त्या जगाला ठाऊक झाल्या. मुलीचा ओढा हिंदुस्थानी गायकीकडे आहे असे आईच्या ध्यानात आले, तेव्हा तिने काय करावे? तिने मुलीला आपल्याकडे ओढले नाही. मुलीच्या कानावर दोन पद्धतींचा गोंधळ होऊ नये म्हणून तिने स्वतःचे कर्नाटक गायन बाजूला ठेवले. १९२८ साली कुटुंब हुबळीस आले, ते मुलीला संगीताचे शिक्षण नीट मिळावे म्हणून. १९३२ साली अंबाबाई निवर्तल्या. पुढे गंगूबाईंनी कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे किराणा घराण्याची तालीम घेतली. हुबळीहून आगगाडीने त्या कुंदगोळास जात.

बारकाईने पाहिले तर आईचे गाणे मुलीने घेतलेच नाही. रागांची मांडणी वेगळी, बंदिशींची भाषा वेगळी, सारी पद्धतच निराळी. तरी गंगूबाई आईच्या वारस नव्हत्या असे कोण म्हणेल? आईने दिली ती सुरांवरची निष्ठा, आणि आपल्या अपत्याच्या हितासाठी आपले सर्वस्व बाजूला ठेवण्याची वृत्ती. वारसा देणाऱ्याने कसे द्यावे, ह्याचा हा धडा आहे. पुष्कळ वडीलधारी मंडळी आपला वारसा आपल्याच साच्यात उतरला पाहिजे असा हट्ट धरतात, आणि मुलगा त्या साच्यात बसला नाही की 'आमच्याबरोबर सारे बुडाले' असे म्हणतात. अंबाबाईंनी साचा सोडला म्हणून सत्त्व टिकले.

ह्या गोष्टीला दुसरीही एक बाजू आहे आणि ती सुखाची नाही. गाणारणीची मुलगी म्हणून गंगूबाईंना रस्त्याने जाता-येता हिणवण्यात आले. १९२४ साली बेळगावास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत त्या होत्या. गाणे झाल्यावर उष्टी पाने उचलावयास तर लावणार नाहीत ना, अशी धास्ती त्या अकरा वर्षांच्या मुलीला वाटत होती, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. म्हणजे ज्या समाजाच्या हाती मोठमोठे ग्रंथ होते त्याच समाजाने एका लहान मुलीच्या मनात ही धास्ती घातली होती. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २००९ साली हुबळीत त्यांचा अंत झाला तेव्हा सारे नगर हळहळले. पण ती धास्ती त्यामुळे पुसली जात नाही.

वारसा स्वीकारावा असे म्हणताना ह्या बाजूचे काय करावयाचे, हा प्रश्न टाळता येणार नाही. घरातून जसा अभंग मिळतो तसा सोवळ्या-ओवळ्याचा अहंकारही मिळतो. जशी ओवी मिळते तसा दुसऱ्या जातीविषयीचा, दुसऱ्या भाषेविषयीचा तिरस्कारही मिळतो. ज्यांना वारसा नकोसा होतो त्यांतील पुष्कळांना खरे म्हणजे हे दुसरे नकोसे झालेले असते. त्यांना कृतघ्न म्हणून मोकळे होणे योग्य नाही.

ह्यावर उत्तर शास्त्रातच आहे. जो धन घेतो तो ऋणही घेतो हा दायाचा नियम. वडिलांचे कर्ज पुत्राने फेडलेच पाहिजे. परंतु याज्ञवल्क्याने त्याला स्पष्ट अपवाद सांगितला आहे : मद्यासाठी, कामासाठी, जुगारासाठी पित्याने केलेले ऋण पुत्राने देऊ नये. पुत्र असूनही देऊ नये, आणि न दिल्याने तो कुपुत्र ठरत नाही. हा नियम पैशापुरताच राहू द्यावा काय? ज्या आचाराने माणसाला माणसापासून तोडले, ज्याने एका मुलीला पाने उचलावयास लावतील अशी भीती घातली, तो आचार म्हणजे पूर्वजांनी मदात केलेले कर्ज आहे. ते नाकारण्याचा अधिकार वारसाला आहे. वारसा नाकारण्याहून ही गोष्ट फार वेगळी आहे. जमाखर्चाची वही उघडून कोणती नोंद न्याय्य आणि कोणती अन्याय्य हे ठरविणे म्हणजे वही जाळणे नव्हे. उलट जो वही उघडतच नाही, तो चांगले टाकून देतो किंवा वाईट फेडीत बसतो.

न्याय्य ऋणांविषयी मात्र टाळाटाळ चालणार नाही. मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मतो असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे. देवांचे ऋण यज्ञाने, पितरांचे संततीने आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरुगृही केलेल्या अध्ययनाने फिटते. संस्कृतीचे ऋण ह्यांपैकी कोणते? ते पितृऋण आहे असे समजून पुष्कळ जण मुलाचे नाव आजोबांचे ठेवतात आणि निश्चिंत होतात. परंतु नाव ठेवून पितृऋणाचे काम भागले तरी ऋषिऋण तसेच उरते. ते अध्ययनावाचून फिटत नाही. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. घरची संस्कृती आपल्याकडे येते ती दायाच्या वाटेने, नात्यामुळे, न मागता. पण ती आपली होते ती विद्याधनाच्या वाटेने, कष्टाने. बेंद्रे दशग्रंथ्याच्या घरी जन्मले हा दाय. मेघदूत त्यांनी कन्नडात आणले हे विद्याधन. सायंदेवांच्या कुळात जन्म हा दाय. गुरुचरित्र हे विद्याधन. अंबाबाईंच्या पोटी जन्म हा दाय. पन्नासांहून अधिक वर्षांची गानसाधना हे विद्याधन.

हे कष्ट कोणते, ते मोठे नाहीत. घरात आजी असेल तर तिच्या जात्यावरच्या ओव्या, तिच्या माहेरची गाणी, मंगळागौरीची वा हादग्याची पदे तिच्या तोंडून ऐकून वहीत उतरवून ठेवावीत. मुलांना घरात मराठी केवळ बोलता नव्हे, तर वाचता आणि लिहिता यावी. त्याच मुलांनी कन्नड असे शिकावे की वचने आणि दासरपदे त्यांना अर्थासह कळावीत, केवळ परीक्षेपुरते नव्हे. ह्या दोन भाषांनी एकमेकींकडून किती घेतले आहे हे पाहण्यास दूर जावयास नको. मराठी घरातील अण्णा आणि अक्का, ताटातले तूप, आजोबांचा अडकित्ता हे शब्द कन्नडशी नाते सांगतात. आणि धारवाडच्या कन्नड घरांतून काका आणि मावशी ह्या हाका सहज ऐकू येतात. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले आणि मराठी माणसाने त्या कानड्या देवासाठी शतकानुशतके वारी केली. घरातल्या हाका आणि देवघरातला देव ज्यांचे सामायिक आहेत त्यांनी एकमेकांना परके म्हणावयाचे ठरविले, तर दोघांचाही दाय अर्धा होतो.

वडीलधाऱ्यांनीही एक गोष्ट करावी. मुलाने प्रश्न विचारला, 'हे आपण का करतो?', तर त्याला 'असेच असते' असे सांगून गप्प बसवू नये. उत्तर ठाऊक असेल तर द्यावे. नसेल तर त्याच्यासह शोधावे. ज्या आचाराचे कारण सांगता येत नाही आणि ज्याने कोणाचे मन दुखावते, तो आपल्याच हातांनी उतरवून ठेवावा. मुले वारसा टाकतात ती बहुधा त्यात काही नसते म्हणून नव्हे; त्यात काय आहे हे त्यांना कोणी उलगडून दाखविलेले नसते म्हणून टाकतात.

शेवटी एका शब्दाचा विचार करून हे विवेचन पुरे करावे. 'दाय' आणि 'दत्त' हे दोन्ही शब्द 'दा' ह्या एकाच धातूपासून आले आहेत. दाय म्हणजे द्यावयाचे, दत्त म्हणजे दिलेले. धारवाडच्या त्या कवीचे बारशाचे नाव दत्तात्रेय. सहीत त्याने त्याचे 'दत्त' एवढेच राखले आणि त्याच्या आधी आईला बसविले. आईने त्याला जन्म दिला आणि बोली दिली. त्याने ते ऋण आपल्या गावाच्या भाषेत फेडले. ज्याला मिळाले त्याने शिकावे, पारखावे आणि पुढे द्यावे, एवढाच दायाचा धर्म आहे. तारिहाळच्या प्रत्येक घरात, मग ते मराठी बोलणारे असो वा कन्नड, हा धर्म चालत राहो.